‘औदुंबर’ : आठ ओळींचे मोजमाप



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आमंत्रण दिले तेव्हा मी वेतन, ठेकेदारी किंवा कामगार कायदा यांवर बोलेन, अशी त्यांची कल्पना असावी. मी विषय कळवला तो बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेचा. त्यावर एका स्नेह्यांनी मला विचारले, “तुमचा आणि कवितेचा संबंध काय?” प्रश्न रास्त होता. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण जे काही झाले ते सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर आणि अशाच मांडवांत, मागच्या रांगेत बसून झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्याला वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पुढे गावोगाव अशा माला सुरू झाल्या आणि ज्याला महाविद्यालयाचा दरवाजा उघडला नाही, त्यालाही दर वसंतात महिनाभर एक शाळा मिळू लागली. त्या शाळेचा विद्यार्थी या नात्याने मी आज उभा आहे. तेव्हा हे पांडित्याचे भाषण होणार नाही. एका छोट्या कवितेचे मी माझ्यापुरते जे मोजमाप घेतले, ते तुमच्यापुढे ठेवायचे आहे.

प्रथम एक सांगून टाकतो. ती कविता मी येथे म्हणून दाखवणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांना ती शाळेपासून पाठ आहे, आणि ज्यांना पाठ नाही त्यांनी ती घरी जाऊन पुस्तकातून स्वतः, मोठ्याने वाचावी अशी माझी इच्छा आहे. दुसऱ्याने जेवून आपले पोट भरत नाही, तसेच कवितेचे आहे. माझे बोलणे म्हणजे त्या वाचनाआधी पान मांडणे, इतकेच समजा.

कवीविषयी थोडक्यात. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्यांचे नाव. जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी, खानदेशात धरणगावी. १९०७ साली जळगावला पहिले मराठी कविसंमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते कर्नल डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. सतरा वर्षांच्या या मुलाची कविता ऐकून तेथे त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि तेच पुढे त्याचे नाव झाले. काही काळ ते नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त ते आपल्याला भेटतात. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्थानकापाशी आगगाडीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय पुरते अठ्ठावीसही नव्हते. हा अपघात लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता कवितेत काय आहे? आठ ओळी आहेत. दोन दोन ओळींच्या चार जोड्या. पहिल्या जोडीत एक झरा आहे, दोन्ही काठांना हिरवळ घेऊन बेटांमधून वाहणारा. दुसऱ्या जोडीत टेकडीपलीकडे चार घरांचे गाव आणि त्यापुढे शेतमळ्यांची दाटी. तिसऱ्या जोडीत त्या मळ्यांमधून निघालेली एक पांढरी पायवाट, वेडीवाकडी, कुरणांतून एका काळ्या डोहाकडे जाणारी. चौथ्या जोडीत पाण्यावर पसरलेली सावली, आणि अगदी शेवटी, पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. संपली कविता. तिच्यात माणूस नाही, पक्षी नाही, ऋतूचे नाव नाही. कवी ‘मी’ म्हणून कोठे डोकावत नाही. ‘जणू’ नाही, ‘सारखा’ नाही. म्हणजे एकही उपमा नाही. आणि या आठ ओळींवर आपल्या समीक्षकांनी पानेच्या पाने लिहिली आहेत! एवढ्याशा जागेत असे आहे तरी काय?

मला वाटते, आपण अर्थापासून सुरुवात करतो तेथेच आपली वाट चुकते. शाळेत पहिला प्रश्न येतो, ‘औदुंबर हे कशाचे प्रतीक आहे?’ मुलगा उत्तर पाठ करतो आणि कविता तेथेच राहते. त्यापेक्षा आधी मोजू या. मोजायला पदवी लागत नाही, कान लागतो.

मराठी पद्याची स्थूलमानाने तीन घरे आहेत. अक्षरगणवृत्तात कोणते अक्षर लघु आणि कोणते गुरू, हे जागेवर ठरलेले असते. आपले पुष्कळसे श्लोक या घरातले. छंदात अक्षरांची संख्या महत्त्वाची. ओवी आणि अभंग या घरातले. आणि तिसरे घर मात्रांचे, ज्याला ‘जाती’ म्हणतात. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. ऱ्हस्वावर अनुस्वार आला किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात पडला तर त्याच्याही दोन. माधव ज्यूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात हा सगळा संसार नीट लावून दिला. ग्रंथ १९२७ साली निघाला आणि १९३७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. आठ मात्रांच्या आवर्तनाला ते ‘पद्मावर्तन’ म्हणतात. ‘औदुंबर’ याच घरातली आहे.

नावाने बिचकू नका. आपल्याच गावांची नावे घेऊन पाहू. ‘अलिबागेची’ : अ एक, लि एक, बा दोन, गे दोन, ची दोन, झाल्या आठ. ‘नागावाची’ : चारही अक्षरे दीर्घ, पुन्हा आठ. ‘मुरुडाकडची’ : मु एक, रु एक, डा दोन, क एक, ड एक, ची दोन, आठच. अक्षरे पाहा, पहिल्यात पाच, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात सहा. पण टाळी धरली तर तिन्ही शब्द एकाच वेळात बसतात. आता यांच्यापुढे ‘चरी’ हा तीन मात्रांचा शब्द ठेवा. अलिबागेची, नागावाची, मुरुडाकडची, चरी. ही झाली सत्तावीस मात्रांची एक ओळ. ‘औदुंबर’ची प्रत्येक ओळ याच मापाची आहे : आठ, आठ, आठ आणि तीन. अर्थात मी आत्ता जोडली ती ओळ कविता नव्हे. ती एस.टी.च्या पाटीवर शोभेल. माप जमले की कविता झाली, असे नाही; पण मापाने काय साधले हे पाहिल्याशिवाय कविता कळली, असेही म्हणता येत नाही.

माझा या मापाशी परिचय पुस्तकातून झाला त्याआधी घोषणांतून झाला होता. द्वारसभेत जी घोषणा चालते ती नेहमी मापात असते. ‘इन्किलाब’ या शब्दाच्या मोजून सहा मात्रा आहेत. पण गेटवर तो देताना आपण ‘ला’ लांबवतो आणि आठ भरून काढतो. मागणी कितीही न्याय्य असो, शब्द मापात बसले नाहीत तर तिसऱ्या वेळी लोकांचा आवाज फाटतो, एक रांग पुढे आणि एक मागे राहते. लेखी मागणीपत्रात हे कळत नाही. शंभर गळ्यांतून एकदम निघाले की ताबडतोब कळते. माप म्हणजे अलंकार नव्हे. शंभर माणसांचा श्वास एकत्र ठेवणारी ती दोरी आहे.

आता या कवितेत ही दोरी काय करते पाहा. तीन पावले पूर्ण पडतात आणि चौथे अर्धवट राहते. चौथ्या आवर्तनातल्या आठ मात्रांपैकी तीनच मात्रांना शब्द आहेत. उरलेल्या पाच रिकाम्या. म्हणणारा तेथे थांबतो, श्वास घेतो आणि पुढच्या ओळीला लागतो. लांब पल्ल्याची वाट चालणाऱ्या माणसाची ही चाल आहे. होडी वल्हवणारा जशी ताकद लावून मग वल्हे क्षणभर उचलतो, तशी. कवितेत ‘मी चाललो आहे’ असे कोणी म्हणत नाही. पण म्हणणाऱ्याच्या श्वासाला चाल लागते.

दुसरे मोजमाप थोडे बारीक आहे. आठ मात्रा संपल्या की कानाला एक थांबा जाणवतो. चांगला कारागीर बहुधा असे शब्द निवडतो की शब्द आणि थांबा एकत्र संपावेत. बालकवींनी तसेच केले आहे. प्रत्येक ओळीतले पहिले दोन थांबे घेतले तर ते शब्दाच्या शेवटी पडतात. एके ठिकाणी शब्द आणि त्याचा प्रत्यय यांच्या सांध्यावर. याला अपवाद एकच. पाचव्या ओळीत पहिला थांबा ‘पांढरी’ या शब्दाच्या बरोबर पोटात येतो : ‘पां’ अलीकडे, ‘ढरी’ पलीकडे. आणि ही ओळ कोणती? पायवाट वेडीवाकडी जाते असे सांगणारी! सगळ्या कवितेत येथेच चाल किंचित मुरडते, आणि येथेच वाट मुरडते. कवीने बोटे मोजून हे केले असेल असा माझा दावा नाही. चालता चालता पाय आपोआप खड्डा चुकवतो, तसे हे झाले असेल. पण झाले आहे, आणि कान लावला तर ऐकू येते.

तिसरे मोजमाप यमकांचे. पहिली जोडी ‘न’वर संपते आणि शेवटची ‘र’वर. या दोन्ही जोड्यांत ओळीचा शेवट दोन लघू अक्षरांनी होतो, म्हणताना तोंड मिटते. मधल्या चार ओळी मात्र ‘कडे’, ‘पुढे’, ‘पडे’ आणि पुन्हा ‘कडे’ अशा संपतात. शेवटी दीर्घ ‘ए’, तोंड उघडे. शब्द तरी कोणते पाहा : टेकडीकडे, पुढे, डोहाकडे. चारांपैकी तीन शब्द दिशा दाखवणारे आहेत. म्हणजे मधल्या चार ओळींचे तोंड पुढे आहे आणि दोन्ही टोकांच्या जोड्या आपल्या जागी स्थिर आहेत. पाण्यापासून निघालो, गावावरून, मळ्यांतून, वाटेने चाललो आणि पुन्हा पाण्यापाशी येऊन थांबलो. पहिले पाणी वाहते होते, हे पाणी साठलेले आहे. पहिल्या पाण्याचा रंग निळासावळा, या पाण्याचा काळा. हिरवा रंग कवितेत तीनदा येतो. सहाव्या ओळीत तो काळ्या रंगाच्या शेजारी शेवटचा दिसतो आणि मग दिसत नाही.

आता जे मला या कवितेचे मर्म वाटते, ते सांगतो. पाचवी ओळ सुरू होते ‘पाय’ या अक्षरांनी, कारण तिचा पहिला शब्द ‘पायवाट’ आहे. आणि आठवी, शेवटची ओळ, तीही ‘पाय’ याच शब्दाने सुरू होते. पायवाट कोणी बांधत नाही. तिला ठेकेदार नसतो, खडी नसते. माणसांचे पाय वर्षानुवर्षे पडून गवत झिजते आणि माती पांढरी पडते, तिला पायवाट म्हणतात. म्हणजे कवितेत माणूस दिसत नसला तरी त्याचे श्रम सगळीकडे आहेत : घरांत आहेत, मळ्यांत आहेत आणि सर्वांत जास्त त्या पांढऱ्या वाटेत आहेत. चार घरांतली माणसे रोज त्या वाटेने कुरणात किंवा पाण्यावर जात असतील. त्यांच्या चालण्याची ती खूण. आणि वाट जेथे संपते तेथे पुन्हा पाय येतात, पण ते चालत नाहीत. पाण्यात सोडलेले आहेत. पाचव्या ओळीतले पाय शिणतात आणि आठव्या ओळीतले पाय गार होतात. मध्ये फक्त दोन ओळी आहेत.

रचना आणखी एक गोष्ट करते. सातव्या ओळीत आधी सावली येते. पाणी झाकोळते, लाटांवर काळिमा पसरते. कशाची ते अजून कळलेले नाही. मग आठव्या ओळीत पाय, मग पाणी, मग बसणे, मग ‘असला’ हा बोट दाखवणारा शब्द, आणि कवितेच्या अगदी शेवटच्या शब्दाला झाडाचे नाव. उन्हातून चालत आलेल्या माणसाला झाड असेच भेटते. आधी अंगावर सावली पडते, मग तो मान वर करून कोणते झाड आहे ते पाहतो. आपल्या अष्टागरातल्या वाड्यांत, विहिरीच्या थारोळ्याशी हे झाड असले तर आपण त्याला ‘उंबर’ म्हणतो. पण ‘उंबर’ चारच मात्रांचा आणि पटकन संपणारा शब्द आहे. ‘औदुंबर’ सहा मात्रांचा. पहिली दोन अक्षरे जड, रेंगाळणारी, आणि मग दोन हलकी. बसकण मारल्यासारखा शब्द आहे तो. उंबर उभा असतो, औदुंबर बसू शकतो.

इतके मोजून झाल्यावर आता भावाकडे येऊ. या कवितेचा भाव कोणता? येथे पंडितांत मतभेद आहेत आणि ते मुख्यतः तीन आहेत.

एक पक्ष म्हणतो, ही मृत्यूची कविता. वाट म्हणजे आयुष्य, डोह म्हणजे काळ, काळिमा म्हणजे शेवट. या पक्षाला कवीच्या अकाली मृत्यूची जोड मिळते. पण भादलीचा अपघात कवीला ठाऊक नव्हता, आपल्याला आहे. नंतर घडलेली गोष्ट आधी लिहिलेल्या ओळीत घालून वाचणे न्यायाचे नाही. आरोपीवर उद्याच्या कायद्याने खटला भरता येत नाही, तसेच हे. शिवाय या पक्षाला एक साक्षीदार फार अडचणीचा आहे. तो म्हणजे सातव्या ओळीतला एक साधा शब्द. कवी त्या काळिमेला ‘गोड’ म्हणतो. ज्याला अंधाराचे भय दाखवायचे आहे तो अंधाराला गोड म्हणणार नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, हा औदुंबर म्हणजे विरक्त योगी. औदुंबर हे दत्ताचे झाड. कृष्णाकाठी औदुंबर आणि नरसोबाची वाडी ही क्षेत्रे प्रसिद्ध आहेत. संसारापासून दूर, पाण्यात पाय सोडून हा यती बसला आहे. यात तथ्य आहे. मराठी माणसाच्या कानावर औदुंबर हा शब्द पडला की त्यामागे पार आणि पादुका उभ्या राहतातच. पण विरक्ताच्या मठाकडे जाताना गाव मागे टाकावे लागते. या कवितेत गावाची वाट सरळ त्याच्या पायापर्यंत आली आहे. शेतावरच्या माणसाच्या पायांनी मळलेली वाट ज्याच्यापाशी पोचते, त्याला संसाराबाहेरचा कसे म्हणावे?

तिसरा पक्ष म्हणतो, हे निव्वळ निसर्गचित्र आहे, उगाच खोल पाण्यात जाऊ नका. या पक्षाचा साधेपणा मला आवडतो. पण निव्वळ चित्र असते तर औदुंबर पहिल्या ओळीत आला असता तरी चालले असते. तो शेवटीच का येतो, आणि बसलेलाच का येतो, याचे उत्तर या पक्षाजवळ नाही.

चौथा पक्ष अजून कोणी मांडलेला मी ऐकला नाही, पण माझ्यासारख्या माणसाला त्याचा मोह पडतो. आमच्या धंद्यात ‘बसणे’ या शब्दाला वेगळा अर्थ आहे. बसणे म्हणजे धरणे. बसणे म्हणजे हातातले काम खाली ठेवणे. मघाशी आपण तीन मात्रांचे गाव घेतले, ‘चरी’. या अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या आणि भोवतालच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली संप पुकारला आणि सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. बसण्यात किती बळ असते ते या मातीने पाहिले आहे. तेव्हा हा बसलेला औदुंबरही आपलाच, असे म्हणून टाळ्या घेणे मला अवघड नाही. पण कविता त्याला परवानगी देत नाही. हा औदुंबर कोणाच्या दारात बसलेला नाही. त्याची मागणी नाही, त्याला मुदत नाही. आपल्या लढ्याला सोयीचा अर्थ कवितेच्या तोंडी घालणे म्हणजे साक्षीदार पढवणे होय. ते इतरांनी केले तर आपण नावे ठेवतो. आपणही करू नये.

मग भाव कोणता? मी मोजलेल्या गोष्टी एकत्र ठेवतो. चाल लागते, वाट मुरडते, तोंड पुढे राहते, हिरवा रंग संपतो, सावली पडते, पाय थांबतात. आणि या सगळ्यात आवाज कोठेच नाही! झरा वाहतो, पण त्याची खळखळ सांगितलेली नाही. आपल्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा येथे का आली हे आपल्याला ठाऊक आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार, म्हणून कुलाब्याचे ते काम १९०४ साली येथे आणले. पृथ्वीच्या चुंबकत्वातला बारीक फरक टिपायचा तर आजूबाजू निवांत हवी. या कवितेने आपल्याभोवती तशीच निवांत जागा राखली आहे, एक बारीक फरक टिपण्यासाठी. तो फरक म्हणजे शीण उतरण्याचा क्षण. त्याला आनंद म्हणावे तर त्यात काळिमा आहे. दुःख म्हणावे तर ती गोड आहे. दिवसभर राबलेल्या माणसाने पाण्यात पाय सोडले की पहिल्या क्षणी जे वाटते, त्यात थोडी उदासी असतेच. दिवस गेला, अंग दुखते आहे, उद्या पुन्हा हीच वाट आहे. आणि तरीही ते सुख असते. या मिश्र भावनेला मराठीत एक शब्द नाही. बालकवींनी आठ ओळींत तो तयार केला. ‘काळिमा’ सोडून नुसते ‘गोड’ धरले तर कविता कॅलेंडरवरचे चित्र होते. ‘गोड’ सोडून नुसती ‘काळिमा’ धरली तर ती शोकसभा होते. दोन्ही एकदम धरायचे, हाच या कवितेचा भाव.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने खरा प्रश्न. आमचे तरुण कार्यकर्ते मला विचारतात, “झाडाच्या कवितेचा कामगाराला उपयोग काय? त्याला गाणे हवे ते लढ्याचे.” लढ्याचे गाणे हवेच, ते नसते तर आमच्या अर्ध्या सभा भरल्या नसत्या. पण हे म्हणणे नीट ऐका. त्याचा अर्थ असा होतो की कामगाराला फक्त त्याच्या कामाचीच कविता द्यावी. मालकही नेमके हेच समजतो की हा माणूस म्हणजे दोन हात, आणि कामाबाहेर त्याला काही नाही. आपण त्याच्याशी सहमत का व्हावे?

आठ, आठ, आठ असे मी मघापासून म्हणतो आहे, आणि सभेतली संघटनेची माणसे मनात हसत असतील. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले स्वतःचे, ही जगातल्या कामगार चळवळीची जुनी मागणी. कवितेच्या मात्रांशी तिचा जुळलेला आकडा हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून मी काही सिद्ध करणार नाही. दुसराही एक योगायोग आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या कुलाब्याची, रत्नागिरीची, साताऱ्याची माणसे राबत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली त्यांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजी त्यांना रविवारची सुटी मिळाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी धरणगावला त्र्यंबक ठोमरे जन्मले. योगायोगच; पण लक्षात ठेवण्याजोगा.

लोखंड्यांनी ती सुटी मागितली ती कशासाठी? अंग टाकायला, देवाला, बाजाराला, मुलांना. थोडक्यात, माणूस म्हणून राहायला. त्या तिसऱ्या आठ तासांसाठी जगभर माणसांनी डोकी फोडून घेतली. आज किनाऱ्यावर कारखाने आहेत, बंदर आहे, गोदामे आहेत. आणि ठेकेदारीवरची पुष्कळ पोरे बारा बारा तास पाळी करतात, वर येण्याजाण्याचे तास वेगळे. त्यांच्या दिवसातला तिसरा आठवा हिस्सा नव्हे, तिसरा सबंध भागच कापला गेला आहे. अशा पोराच्या हाती मी ‘औदुंबर’ दिली तर तो वाचील कधी? म्हणजे कवितेचा प्रश्न शेवटी तासांचा प्रश्न होतो. आणि उलट बाजूने, ज्याने पाण्यात पाय सोडून बसण्याचे सुख कधी ओळखलेच नाही, तो त्या तासांसाठी भांडेल तरी कशाला? आपले काय गेले हेच त्याला कळणार नाही. मला या कवितेचा उपयोग विचाराल तर तो हा. काय मागायचे ते ती सांगत नाही. जे मागायचे त्याची चव ती जिभेवर ठेवते.

तेव्हा माझी विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर मुलांच्या पुस्तकातून ही कविता काढा. पहिल्यांदा अर्थ विचारू नका. मांडीवर टाळी धरा, तीन पूर्ण आणि एक तोकडी, आणि मोठ्याने वाचा. पाचव्या ओळीत जीभ किंचित अडखळते का पहा. शेवटच्या शब्दानंतर ज्या पाच मात्रा रिकाम्या राहतात, त्या घाईने भरू नका. बाकी सात ओळींनंतर त्या जागेत आपण पुढच्या ओळीसाठी श्वास घेतो. आठवीनंतर पुढची ओळ नाही. तेथे नुसते बसायचे.